नाना, त्या प्लॉटबद्दल

नाना, आम्ही त्या घरातून निघालो. आईला आणि मला नव्या जागेत येऊन थोडेच दिवस झालेत, अजून बरीच खोकी बांधलेलीच आहेत, आणि त्यातल्याच एका खोक्यावर वही ठेवून मी तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला मुद्दाम थांबावं लागतं. तुमच्याशी मनातल्या मनात मी पुष्कळ बोलले आहे, पण ते सगळं चांगलं चांगलं होतं. पास झाले, नेटची परीक्षा सुटली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. आज जे लिहिणार आहे ते तसं नाही. मला तुमचा राग आला आहे. खरं तर राग हा शब्दही पुरत नाही. तुम्ही आम्हाला फसवलंत असं वाटतंय, आणि ज्याला कुणी कधी खोटं बोलताना पाहिलं नाही अशा माणसाबद्दल असं वाटून घेणं फार जड जातं.

त्या रविवारांपासून सांगते. सातपूरच्या त्या एका खोलीत आपण तिघं राहत होतो, तुम्ही कंपनीत फिटर होतात आणि कंपनीतल्या कायम कामगारांनी मिळून जी गृहनिर्माण सोसायटी काढली होती तिचे तुम्ही सेक्रेटरी होतात. त्र्यंबक रोडला लागून आत, जिथे तेव्हा गवत आणि दगडांशिवाय काही नव्हतं, तिथे सोसायटीने जमीन घेतली होती आणि त्यातला एक तुकडा आपला होता. रविवारी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवता, आई मागे कॅरियरवर, तिच्या मांडीवर भाकरी आणि ठेच्याचा डबा. अंजनेरीच्या बाजूने वारा येतो. चुन्याने आखलेल्या रेघा पावसाने पुसल्या आहेत म्हणून तुम्ही पायानेच हद्द दाखवता, आणि आई पदर खोचून त्या दगडांतून अशी चालते जणू घरात फिरते आहे. तिला एकच गोष्ट हवी होती. खोलीत ती खाली बसून, स्टोव्हसमोर वाकून स्वयंपाक करायची, आणि निफाडला माहेरीही तिने तेच केलं होतं. "हितं माझा ओटा," ती म्हणते. "उभ्यानं सैपाक करीन. आन हितं खिडकी, तुमची सायकल येताना दिसंल आशी." तुम्ही हसता, एक मोठा दगड उचलून आणता आणि ती उभी आहे तिथे ठेवता. झाला तुझा ओटा, म्हणता. ती त्या दगडावर डबा उघडते आणि आपण जेवतो. मला वाटतं मी आयुष्यात तुम्हाला दोघांना इतकं मोकळं पुन्हा पाहिलं नाही.

मग तो अपघात झाला. तुमच्या खात्यात एक टेम्पररी कामगार होता, तुमच्याहून बराच लहान, शिफ्ट सुटल्यावर सायकलने घरी जाताना त्याला ट्रकने उडवलं. कंपनीने सांगितलं की माणूस गेटच्या बाहेर होता, आमची जबाबदारी नाही. तो कायम नव्हता म्हणून सोसायटीचा सभासदही नव्हता. त्याची बायको कडेवर मुलाला घेऊन रोज गेटसमोर येऊन उभी राहायची, कुणाला काही मागायची नाही, नुसती उभी असायची. तुम्ही तिला एकदा घरी जेवायला घेऊन आलात. आईने तिला वाढलं, तिच्या मुलाला दूधभात भरवला. त्या मुलाने आपल्या खोलीत सगळीकडे भात सांडला आणि आई त्याच्यावर रागावली नाही, हेही मला आठवतंय. त्या बाईंना मी तेव्हापासून काकू म्हणते.

त्यानंतरची संध्याकाळ. तुम्ही कामावरून आलात ते चपला न काढताच दारात उभे राहिलात. आई भाकरी थापत होती, मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. तुम्ही म्हणालात, "आपला प्लॉट त्या बाईच्या नावावर करून दिला. आज सभेत मंजूर झालं." आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि तुम्ही, नाना, तुम्ही म्हणालात, "अगं, भाकरी बघ." तिने भाकरीकडे पाहिलं नाही.

"कुनाला इचारून दिला?"

"विचारायचं काय त्यात? माळरानच तर आहे ते. पाणी नाही, रस्ता नाही."

"माळरान आसंल. पन माझं व्हतं."

तुम्ही तेव्हा जरा गोंधळलात. मग माझ्याकडे बोट केलंत. "आपल्याकडे ही आहे. हिच्यासारखं डोकं अख्ख्या शाळेत कुणाचं नाही. ही शिकेल आणि तुला बंगला बांधून देईल, तू बघच. त्या बाईकडे काय आहे?" करपलेली भाकरी आईने स्वतःच्या ताटात घेतली आणि आपल्या दोघांना दुसऱ्या भाजल्या. मी मात्र फुलून गेले होते. माझ्या वडिलांनी जमिनीपेक्षा माझ्यावर जास्त भरवसा ठेवला, याचा मला इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी शाळेत मी मैत्रिणींना ते सांगितलं. आज मला दिसतं की त्या संध्याकाळी तुम्ही मला तारण ठेवलंत. मला कळतही नव्हतं अशा वयात.

त्याच महिन्यात तुम्ही मला टेबल आणून दिलंत. कंपनीतल्या भंगारातले लोखंडी अँगल वेल्ड करून तुम्ही ते स्वतः बनवलं होतं, वर जाड पत्रा, कोपरे घासून गोल केलेले, काळा रंग. दोन माणसांनाही उचलायला जड. "यावर बसून शिकायचं," एवढंच म्हणालात. मी बसले, नाना. दहावी, बारावी, बी.ए. सगळं त्या टेबलावर झालं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात, आणि जाताना तुमच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. लोक अजून त्याबद्दल बोलतात. कसा समाधानाने गेला माणूस. सोसायटीच्या हॉलमध्ये तुमचा फोटो लावला आहे, दरवर्षी त्याला हार घालतात.

आता माझं सांगते, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. हे ऐकून तुम्ही पेढे वाटले असते. पण मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही महिनोन्महिने अडकतात, आणि सुट्टीत काहीच नाही. दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची, पुन्हा त्याच कॉलेजात, त्याच लोकांपुढे, जणू ते मला पहिल्यांदाच बघताहेत. कायम जागा भरणार भरणार असं मी तरुण होते तेव्हापासून ऐकते आहे, आता केस पिकले. तुमच्या भाषेत सांगायचं तर नाना, मी टेम्पररी आहे. त्या ट्रकखाली गेलेल्या माणसासारखी.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मॅडम कायम आहेत. आम्ही एकच विषय, एकच वर्ग, एकच पुस्तक शिकवतो. त्यांचं गंगापूर रोडला घर आहे, आणि पाथर्डी फाट्याला एक फ्लॅट आहे जो कुलूप लावून ठेवला आहे. स्वभावाने चांगल्या आहेत, डबा खाताना माझ्या पोळीवर न विचारता भाजी वाढतात. एकदा म्हणाल्या, "अहो, भाड्यात कशाला पैसे घालवता? सरळ घेऊन टाका ना एखादा छोटा." मी म्हटलं, बँक मला दारात उभं करत नाही, माझी पगाराची स्लिपच नसते. त्या हळहळल्या. मग मी धीर करून विचारलं, तुमचा पाथर्डी फाट्याचा भाड्याने द्याल का? तर म्हणाल्या, "नको हो, भाडेकरू भिंती खराब करतात. तो इन्व्हेस्टमेंटसाठीच ठेवलाय." त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. पुढच्या तासाला मी वर्गात उत्पन्नातील विषमतेची कारणं शिकवली आणि मुलांनी ती वहीत उतरवून घेतली.

तुम्ही गेल्यावर आम्ही सतत भाड्याच्या जागांमधून फिरत राहिलो. अकरा महिन्यांचा करार, मग मालकाच्या मुलाचं लग्न ठरतं किंवा त्याला जास्त देणारा कुणी भेटतो. प्रत्येक वेळी तुमचं टेबल आमच्याबरोबर आलं आणि प्रत्येक वेळी टेम्पोवाल्यांनी त्याला शिव्या घातल्या. अशाच एका वेळी, जागा शोधत असताना, बँकेच्या रांगेत काकूंचा मुलगा भेटला. तो कडेवरचा. आता त्याची पोरं कॉलेजात जातात. म्हणाला, "ताई, जागा शोधताय? मग आमच्याकडे या ना. तळमजला रिकामाच आहे." त्या माळरानावर आता काय आहे ते तुम्ही पाहिलं नाहीत, नाना. रस्ता झाला, पाणी आलं, दुतर्फा दुकानं झाली, आणि आपल्या त्या तुकड्यावर काकूंच्या मुलाने तीन मजले चढवले आहेत. भाडं त्याने इतरांपेक्षा कमी सांगितलं.

आई यायला तयार नव्हती. "त्या जागंवर मी भाडं देऊन राहू?" एवढंच म्हणाली. पण तिचे गुडघे गेले होते, आम्ही होतो तिथे जिना होता आणि मला कॉलेज जवळ पडणार होतं. शेवटी आली. सामान लागलं त्या पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होती. ग्रॅनाईटचा ओटा, वर खिडकी. मी मागे जाऊन उभी राहिले, मला वाटलं रडते आहे. ती म्हणाली, "थोडा चुकलाय. माझा तिकडं व्हता, भिताडाच्या पल्याड." आणि कुकर लावला. त्या ओट्याशी तिने उभ्याने स्वयंपाक केला, गुडघे दुखले की मध्येच स्टुलावर बसून. काकू वरच्या मजल्यावरून रोज खाली येत, दोघी लसूण सोलत बसत. मी बरं चाललंय असं धरून चालले होते.

यंदा सगळं बदललं. सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला, आणि आपला रस्ता त्र्यंबकला जाणारा. जो तो घर मोडून लॉज काढतो आहे, यात्री निवास काढतो आहे. काकूंच्या मुलाने एका रविवारी सकाळी मला वर बोलावलं, चहा दिला, आणि कप हातात असतानाच म्हणाला, "ताई, एक पार्टी आलीये. सगळी बिल्डिंग एकत्र घेतायत, तीन वर्षांच्या करारावर. तुम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

मी म्हटलं, आईला या वयात आता कुठे नेऊ? थोडं भाडं वाढवून देते.

तो हसला नाही, पण हसल्यासारखं झालं. "ताई, ते जे देतायत ना, त्याच्या जवळपासही तुम्हाला जमणार नाही. मला का बोलायला लावता?"

तेव्हा मी ते बोलले, जे इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. "ही जागा नानांची होती."

त्याने कप खाली ठेवला. "माहितीये ना. लहानपणापासून तेच ऐकतोय. जेवताना उष्टं टाकलं तरी आई म्हणायची, नानांनी जागा दिली म्हणून ताटात पडतंय. तुमच्या नानांच्या फोटोला माझ्या हाताने हार घातलाय मी दरवर्षी. पण ताई, त्यांनी माळ दिला. घर मी बांधलं. तुम्ही कॉलेजात होतात तेव्हा मी पिंपळगावला कांद्याच्या गोण्या भरत होतो. मग टेम्पो घेतला, मग दुसरा घेतला. अजून किती वर्षं उपकार फेडायचा? आणि नानांनी दिलं. तुम्ही नाही दिलं."

मी उठले, नाना. कारण त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं. आम्ही दिलंच नव्हतं.

मी तरी तिथून सोसायटीच्या हॉलवर गेले. कमिटीतले तुमचे दोन जुने सोबती तिथे पेपर वाचत बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले, खुर्ची दिली. "नाना म्हणजे देवमाणूस," एक जण म्हणाला, "आज आम्ही ज्या घरात झोपतो ते नानांमुळे." मी विचारलं, कुणाकडे दोन खोल्या मिळतील का, इथेच, वसाहतीत? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने खालचा मजला भाविकांसाठी आधीच देऊन टाकला होता. दुसऱ्याचा मुलगा ठरवणार होता. "चौकशी करतो," म्हणाले. तुमचा फोटो त्यांच्या डोक्यावर होता. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. माझा उचललाही नाही.

पण मी लिहायला बसले ते यामुळेही नाही. काकूंचा मुलगा परका, कमिटीचे लोक परके. परक्यांकडून काय अपेक्षा करायची? मी लिहिते आहे त्याचं कारण पुढे घडलं.

मुलगा जे बोलला ते काकूंना त्याच रविवारी दुपारी कळलं. त्या रडत खाली आल्या. आई ओट्याशी होती, मी टेबलावर पेपर तपासत होते. काकूंनी आईचे दोन्ही हात धरले. "वैनी, माझं कोन ऐकत नाय हो आता. मी त्याला म्हनले, ज्या बाईनं सोताच्या हातानं आपल्याला जागा दिली तिला बाहेर काढतो व्हय रं?"

आई म्हणाली, "म्या कुठं दिली? त्यांनी दिली."

"आसं काय म्हनता वैनी? भाऊंनी मला सांगितलं ना तवाच. मी नको म्हनत व्हते. मी म्हनले, भाऊ, तुमच्या घरात इचारा आदी. दुसऱ्या दिवशी आले आन म्हनले, इचारलं. तीच म्हनली देऊन टाका. तिचं मन लय मोठं हाय, म्हनले. तवा मी हो म्हनले, न्हायतर कशाला घेतली आसती? मी तर त्या दिवाळीला तुम्हाला लुगडं आनलं व्हतं."

ते लुगडं मला आठवतं. आईने ते कधीच नेसलं नाही, तसंच पेटीत ठेवलं. काकूंना इतकी वर्षं वाटत राहिलं की हलकं होतं म्हणून वैनी नेसल्या नाहीत. आणि आईला इतकी वर्षं वाटत होतं की या बाईला माहीत आहे आपल्याला न विचारता घेतलंय ते, आणि म्हणून लुगड्याने तोंड बंद करते आहे. दोघी रोज एकमेकींसमोर बसून लसूण सोलत होत्या.

आईने हात सोडवून घेतले. "आसं म्हनाले? इचारलं म्हनाले?" तिने हे दोनदा विचारलं. मग गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. माझ्या हातातला लाल पेन तसाच राहिला. तुम्ही न विचारता दिलंत हे आम्हाला माहीत होतं, नाना, त्याची आम्हाला सवय झाली होती. पण ते चुकून झालं, घाईत झालं, तुम्हाला सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले होते. आता कळलं की तुम्हाला सुचलं होतं. काकूंनी सुचवलं होतं. त्या विधवा बाईला, जिच्याकडे काही नव्हतं, तिला कळत होतं की आधी घरात विचारायला हवं. तुम्ही घरी आलात, आईच्या हातचं जेवलात, झोपलात, आणि सकाळी जाऊन तिच्या तोंडचं उत्तर स्वतःच देऊन टाकलंत. तिचा होकार तुम्ही बनवलात. आणि वर तिला मोठ्या मनाची ठरवलंत, म्हणजे पुढे कधी तिला तक्रार करायलाही तोंड राहिलं नाही.

काकू वर गेल्यावर मी आईला विचारलं. विचारायला नको होतं कदाचित, पण विचारलं. "आई, नानांनी तुला खरंच विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

तिने जास्त विचारही केला नाही. म्हणजे उत्तर तिच्याकडे केव्हाचं तयार होतं. "आर्धा आर्धा केला आसता. दोन खोल्या तिला, दोन आपल्याला. मधे एक भीत. येवढा मोठा व्हता की तो."

नाना, मी अर्थशास्त्र शिकवते. तुम्ही सेक्रेटरी होतात, सभा चालवायचात, लोक तुमच्याकडे तंटे सोडवायला यायचे. हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी इतकी वर्षं मनात एवढाच वाद घालत होते की द्यायला हवा होता की नको होता. तुम्ही थोर की आम्ही कमनशिबी. मध्ये एक भिंत घातली असती तर काकूंनाही छप्पर मिळालं असतं आणि आईलाही, आणि तुमचं नाव थोडं कमी झालं असतं, एवढंच. अर्धं देणाऱ्याचा फोटो बहुतेक कुणी लावत नाही. तुम्हाला सगळं द्यायचं होतं. ज्याला सगळं द्यायचं असतं तो घरी विचारत नसावा.

मी अन्याय करते आहे का तुमच्यावर? करतही असेन. त्या काळी कायम कामगाराची मुलगी एम.ए. झाली तर तिला नोकरी मिळणार आणि नोकरी मिळाली की घर होणार, हे कुणालाही खरं वाटलं असतं. तुमच्या आजूबाजूला तसं घडत होतं. तुमची मांडणी चुकीची नव्हती, ती माझ्या हातात येईपर्यंत काळ उलटला. कंपनी बंद झाली, कॉलेजांनी माणसं नेमायची बंद केली, आणि ज्या दगडमातीला तुम्ही किंमत दिली नाही ती माझ्या सगळ्या पदव्यांना मागे टाकून गेली. हे सगळं मी समजू शकते. परीक्षेत आलं तर यावर चांगलं उत्तर लिहीन. पण त्या संध्याकाळी दारात उभं राहून "विचारायचं काय त्यात" म्हणालात, ते काळाने म्हटलं नव्हतं. ते तुम्ही म्हणालात.

आम्ही निघालो तेव्हा काकू खाली आल्या नाहीत. त्यांचा मुलगा आला, त्याने स्वतः सामान चढवायला हात लावला, आणि टेम्पोवाल्याला आमच्याकडून काही घेऊ नको म्हणाला. मी नको म्हटलं. मग आम्ही दोघं थोडा वेळ उगाच त्या टेम्पोवाल्यासमोर वाद घालत राहिलो, आणि शेवटी त्याने मान खाली घालून म्हटलं, "एवढं तरी करू द्या ना ताई." मी करू दिलं. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

नवी जागा आडगावच्याही पलीकडे आहे, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण चालू नाही. मला कॉलेजला दोन बस बदलाव्या लागतात. तुमचं टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं. हमालांनी उभं केलं, आडवं केलं, मग म्हणाले, मॅडम, कापावं लागेल. मी नको म्हटलं. ते खाली पार्किंगमध्ये ठेवलं आहे, वॉचमन त्यावर पाण्याचे जार ठेवतो. मी येता-जाता बघते आणि काही म्हणत नाही. आई इथे आल्यापासून कमी बोलते. काल मात्र गॅसच्या शेगडीसमोर उभी राहून एकदम म्हणाली, "मन लय मोठं हाय, म्हने," आणि हसली. तिचं ते हसणं तुम्ही ऐकायला हवं होतं, असं मला वाटलं. शिक्षा म्हणून.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. आईला तर नाहीच. तिच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते तिचं आहे, त्यात माझी भर नको. उद्या ही पानं वहीतून काढून टाकेन किंवा राहू देईन, ठरवलेलं नाही. फक्त एक गोष्ट राहिली, ती सांगून थांबते.

परवा तास संपल्यावर माझी एक विद्यार्थिनी थांबली होती. नांदगावकडची आहे, इथे कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं भरून राहते, हुशार आहे. तिला एका बिल्डरच्या ऑफिसात नोकरी मिळते आहे, येणाऱ्या गिऱ्हाइकांना सॅम्पल फ्लॅट दाखवायची. चांगला पगार, पण पूर्ण वेळ, म्हणजे शिक्षण सोडावं लागणार. "मॅडम, काय करू?" तिने विचारलं. "घरी सगळे म्हणतात धर. तुम्ही सांगाल तसं करते." माझ्याकडे तिला सांगण्यासारखं खूप होतं, नाना. माझी जूनची मुलाखत होती, पाथर्डी फाट्याचं ते कुलूप होतं, आम्ही बदललेल्या सगळ्या जागा होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नोकऱ्या मिळतात गं. तू शिक." ती खूश होऊन गेली. आणि कबूल करायला मला लाज वाटते, पण ते म्हणताना मी खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी मला ते अगदी खरं वाटत होतं.